शर्यतीच्या मोटारीला हलकी बॅटरी कोणती?

स्मरणिकेसाठी एखादा माहितीपर लेख द्यावा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा विषय शोधण्याची मला गरज पडली नाही. गेले सहा महिने आमच्या घरात दुसरे बोलणेच नाही. माझी नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तिच्या महाविद्यालयातील वीस-पंचवीस मुलामुलींनी मिळून शर्यतीची एक छोटी मोटार स्वतःच्या हातांनी बांधली आहे. तिच्या बॅटरीचा प्रश्न अडला, तेव्हा तिने तो माझ्यापुढे ठेवला. कारण मी आयुष्याची तीस वर्षे मोटारींच्या वर्कशॉपात काढली आणि त्यांपैकी निम्मी तरी बॅटरीच्या खोलीत, आम्लाच्या वासात गेली. मला वाटले होते, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटेल. तो सहा महिने पुरला, आणि त्या काळात मी नातीला शिकविले त्याहून अधिक तिच्याकडून शिकलो. सभासद बंधु-भगिनींपैकी ज्यांच्या घरी विजेवर चालणारी स्कूटर किंवा इन्व्हर्टर आहे, त्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर मांडतो.

प्रथम ही मोटार कसली, ते सांगतो. जगभर विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा भरते. तिची भारतातील आवृत्ती फॉर्म्युला भारत या नावाने ओळखली जाते आणि ती अनेक वर्षे कोइम्बतूरजवळच्या कारी मोटार स्पीडवेवर भरत आली आहे. तेथे केवळ वेगाला गुण नसतात. मोटारीची रचना, खर्चाचा हिशेब, पंचाहत्तर मीटर सरळ धाव, वळणांची कसरत, हे सारे तपासले जाते. शेवटी सुमारे बावीस किलोमीटरांची लांब धाव असते, तिलाच खरे महत्त्व. या धावेच्या मध्यावर मोटार थांबवून चालक बदलावा लागतो. इंजिन बंद करायचे, पहिला चालक उतरायचा, दुसरा बसायचा, पट्टे आवळायचे आणि इंजिन पुन्हा सुरू करायचे. ते मोटारीवरच्या सेल्फनेच सुरू झाले पाहिजे. ढकलून चालत नाही, बाहेरची बॅटरी लावून चालत नाही.

आमच्या नातीची मोटार मागच्या खेपेला नेमकी येथेच अडली. पहिला अर्धा भाग झकास झाला होता. दुसरा चालक बसला, त्याने बटण दाबले, सेल्फने एकदा ‘घर्र’ केले आणि समोरचा पडदा काळा झाला. पुन्हा बटण, पुन्हा काही नाही. वेळ संपली, पंचांनी निशाण दाखविले आणि मुलांनी मोटार ढकलत बाहेर आणली. वर्षभराची मेहनत, रात्रीची जागरणे आणि घरोघर मागून जमविलेले पैसे असे मातीत गेले. रात्री तिचा फोन आला. “आजोबा, इंजिनाला काही झालेलं नाही हो. बॅटरीनं दगा दिला.” त्यावर तिला काय सांगावे, हे मला त्या क्षणी सुचले नाही.

त्या मोटारीला इंजिन होते ते केटीएम ३९० चे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांत हे इंजिन फार लोकप्रिय आहे. पुण्याजवळच्या चाकण येथे बजाजच्या कारखान्यात ही मोटारसायकल तयार होते, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. ३७३ घन सेंटिमीटरांचे, एकाच सिलिंडरचे हे इंजिन. मूळ मोटारसायकलला शिशाची बंद प्रकारची १२ व्होल्ट, ८ ॲम्पिअर-तासांची बॅटरी येते. तिचे वजन तीन किलोंच्या आतबाहेर. मुलांनी ती काढून टाकली आणि तिच्या जागी साधारण साडेपाचशे ग्रॅमची लिथियम बॅटरी बसविली. तिच्या अंगावरही ‘८’ हाच आकडा छापलेला होता. अडीच किलो वजन वाचले म्हणून मुलांना आनंद झाला. तो आकडा नेमका कशाचा, हे मात्र कोणी विचारले नाही.

आता थोडे मुळापासून पाहू. शिशाची पुनर्भारित होणारी बॅटरी १८५९ मध्ये गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनविली. पण मोटारीत तिची खरी गरज निर्माण झाली ती इंजिन विजेने सुरू करण्याची युक्ती निघाल्यावर. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये विजेचा सेल्फ सिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी कॅडिलॅक मोटारीत तो बसू लागला. त्यापूर्वी लोखंडी हँडल फिरवूनच इंजिन सुरू करावे लागे. आपल्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची जी पिवळी रोल्स-रॉईस ठेवलेली आहे, ती मीर महबूब अली खान यांनी त्याच सुमारास मागविली होती. रोल्स-रॉईसच्या त्या जातीच्या मोटारींना विजेचा सेल्फ मिळाला तो १९१९ मध्ये. म्हणजे एवढ्या थाटाच्या मोटारीपुढेही कोणा नोकराला वाकून हँडल मारावे लागत असले पाहिजे. नातवंडांना तेथे नेल्यास ही गोष्ट अवश्य सांगावी.

सेल्फला वीज किती लागते? आम्ही क्लॅम्प मीटर लावून मोजली, तर या छोट्या इंजिनाचा सेल्फ सुमारे ८० ॲम्पिअर घेत होता. आकडा मोठा दिसतो. पण तीन सेकंद ८० ॲम्पिअर म्हणजे २४० ॲम्पिअर-सेकंद, त्यांना ३,६०० ने भागले की जेमतेम ०.०७ ॲम्पिअर-तास होतात. एका वेळच्या सुरुवातीला इतकीच वीज खर्च होते! यावरून मुलांनी हिशेब केला होता की, लहानशी बॅटरीदेखील तीस-पस्तीस वेळा इंजिन सुरू करील. गणित बरोबर होते, पण त्यात दोन गोष्टी सुटल्या होत्या.

त्यांतली पहिली समजण्यासाठी पाण्याचा हंडा डोळ्यांपुढे आणावा. हंड्यात पाणी किती मावते, ही एक गोष्ट. तोटीतून ते किती जोराने येते, ही दुसरी. ॲम्पिअर-तास हे हंड्याचे माप आहे. तोटीची रुंदी ठरते ती बॅटरीच्या अंतर्गत रोधावर, म्हणजे बॅटरी स्वतःच विजेला जी अडवणूक करते तिच्यावर. लहान लिथियम बॅटरीत एकामागे एक असे चार घट असतात. सगळा मिळून रोध साधारण ०.०४ ओहम धरला आणि ८० ॲम्पिअर ओढले, तर ०.०४ गुणिले ८०, म्हणजे ३.२ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च होतात. तेरा व्होल्टांची बॅटरी क्षणभर दहाच्या आसपास येते. बॅटरी भरलेली असताना हे चालते. ती अर्धीअधिक उतरली असेल, तर याच धक्क्याने व्होल्टेज नऊच्या घरात जाते. मग इंजिनाचा संगणक गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ पाहतो, आणि इंजिन फिरत असूनही ठिणगी पडत नाही.

दुसरी गोष्ट छापलेल्या आकड्याची. बाजारात लिथियम बॅटरीवर पुष्कळदा ‘शिशाच्या इतक्या ॲम्पिअर-तासांच्या बरोबरीची’ असे लिहिलेले असते, आणि ‘बरोबरीची’ हा शब्द अगदी बारीक अक्षरांत असतो. त्यात अगदीच खोटे आहे असे नाही. शिशाची बॅटरी अर्ध्याहून खाली उतरविली की तिच्या प्लेटी खराब होतात, आणि एकदम मोठा प्रवाह ओढला की ती छापलेल्या मापाहून पुष्कळ कमी वीज देते. तिच्या अंगावरचे माप हे दहा तासांत सावकाश उतरविण्याचे असते. त्यामुळे केवळ सेल्फ मारण्यापुरती तुलना केली, तर छोटी लिथियम बॅटरी मोठ्या शिशाच्या बॅटरीची बरोबरी करते. परंतु सेल्फ सोडून आणखी कोणी वीज पीत असेल, तर ही बरोबरी उरत नाही. मुलांच्या बॅटरीचे खरे माप ८ नव्हते. ते होते २.५ ॲम्पिअर-तास.

आता त्या दिवसाचा हिशेब मांडू. तो आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून केला. रांगेत उभे असताना वीस मिनिटे चावी चालू होती. पडदा, संगणक आणि नोंदी ठेवणारे यंत्र मिळून दीड ॲम्पिअर घेत होते. तेथे अर्धा ॲम्पिअर-तास गेला. मग पहिली धाव, सुमारे पंधरा मिनिटांची. इंजिन वीज निर्माण करते, पण पंखा ८, पेट्रोलचा पंप ४ आणि बाकी सारे ४ मिळून १६ ॲम्पिअरचा खप होता, आणि जनित्राची ताकद जेमतेम तेवढीच होती. त्यातही वळणावळणाच्या मार्गावर इंजिनाचे फेरे वारंवार खाली येतात, तेव्हा जनित्र मागे पडते. सरासरी दोन ॲम्पिअरची तूट धरली, तरी आणखी अर्धा ॲम्पिअर-तास गेला. पुढे चालक बदलण्याची आणि इशाऱ्याची वाट पाहण्याची मिळून पाच मिनिटे. इंजिन बंद, पण तापलेले. पंखा चालूच ठेवावा लागतो. पंखा आणि इतर मिळून ११ ॲम्पिअर, पाच मिनिटे, म्हणजे ०.९. एकूण बेरीज १.९ झाली. अडीचातून एक पॉइंट नऊ गेले, उरले ०.६. पाव हंडाही नाही, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्याकडे ८० ॲम्पिअरची मागणी झाली.

तेव्हा पडदा काळा का झाला? लिथियम बॅटरीच्या पोटात एक छोटेसे रक्षक-मंडल असते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की ते घट वाचविण्यासाठी बॅटरीचे दारच बंद करते. शिशाची म्हातारी बॅटरी मरताना कण्हते; सेल्फ हळूहळू फिरतो, दिवा मंद होतो, मालकाला अंदाज येतो. लिथियम बॅटरी शेवटपर्यंत ताठ उभी राहते आणि मग एकदम आडवी होते. तिच्या व्होल्टेजवरून ती किती उतरली, हे ओळखणे फार कठीण. आयुष्यभर नुसता व्होल्टमीटर लावून बॅटरीचे निदान करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट पचायला वेळ लागला.

नात म्हणाली, “मग काय, परत शिशाचीच बसवायची?” प्रश्न वाजवी होता. परंतु वजनाचा मोह अगदीच फोल नाही. मोटार आणि चालक मिळून सुमारे ३०० किलो. त्यातून अडीच किलो काढले तर शेकडा ०.८ वजन कमी झाले. सरळ धावेत, वळणात, ब्रेक मारताना, प्रत्येक वेळी तेवढे वजन कमी हलवावे लागते. मात्र साडेपाचशे ग्रॅमची बॅटरी घ्यावी की एक किलोची, हा प्रश्न वेगळा आहे. तो फरक ४५० ग्रॅमचा, म्हणजे शेकडा ०.१५. पंचाहत्तर मीटरांच्या धावेला मोटारीला साडेचार-पाच सेकंद लागतात. त्यात या ४५० ग्रॅमने पडणारा फरक आम्ही काढला, तो तीन-चार सहस्रांश सेकंदांचा निघाला. याच तीन-चार सहस्रांशांसाठी मागची बावीस किलोमीटरांची धाव गेली होती. हे उत्तर कागदावर आले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता लिथियम म्हटले तरी ते एक जातीचे नसते. बऱ्याच विजेच्या मोटारींत निकेल, मँगेनीज, कोबाल्ट यांचे मिश्रण असलेले घट वापरतात. ते सर्वांत हलके. एका किलोत दीडशे ते अडीचशे वॉट-तास वीज साठवितात, तर शिशाची बॅटरी तीस-चाळीसच साठविते. परंतु अशा घटाचे व्होल्टेज ३.६ ते ३.७ असते. तीन जोडले तर ११, चार जोडले तर जवळजवळ १५. मोटारीच्या १२ व्होल्टांच्या यंत्रणेशी कोणताच हिशेब नीट जुळत नाही. दुसरी जात लिथियम लोह फॉस्फेटची. तिचा घट ३.२ व्होल्टांचा, चार जोडले की १२.८, आणि भरण्याचे व्होल्टेज १४.४ च्या आसपास, म्हणजे नेमके मोटारीचे जनित्र जे देते ते! वजनात ती पहिल्या जातीपेक्षा थोडी जड, पण शिशाच्या तिपटीने तरी सरस. आणि मुख्य गुण असा की, ती सहजासहजी पेट घेत नाही. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध इतका घट्ट असतो की, तापली तरी ती ऑक्सिजन चटकन सोडत नाही.

या पदार्थाचा शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या लेखकांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे दोघे आपले भारतीय शास्त्रज्ञ होते, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी. गुडइनफ यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक दोन सहकारी शास्त्रज्ञांसह मिळाले, तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. आपल्या हैदराबादेत बाळापूर येथील एआरसीआय या सरकारी संशोधन केंद्रानेही याच लोह फॉस्फेटवर काम केले आहे. टॉर्पेडोपासून रेल्वेपर्यंत नाना प्रकारच्या बॅटऱ्या बनविणारी एचबीएल कंपनी याच शहरातली. म्हणजे विद्या आपल्या दारातच आहे.

पेट घेण्याची गोष्ट मी सहज लिहिली नाही. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत एका हॉटेलच्या खाली असलेल्या विजेच्या स्कूटरींच्या दुकानात आग लागली. धूर जिन्याने वर चढला आणि वर झोपलेल्या प्रवाशांपैकी आठजण प्राणास मुकले. आपल्यापैकी पुष्कळांनी तो जळका दर्शनी भाग येता-जाता पाहिला असेल. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्या, आणि त्यानंतर केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी सुरक्षिततेचे नियम अधिक कडक केले. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचे नियमही लोह फॉस्फेटला थोडी सूट देतात. दुसऱ्या जातीच्या लिथियमला मात्र न जळणारे आवरण, प्रत्येक घटाच्या व्होल्टेजवर लक्ष, तापमापक अशा बऱ्याच अटी आहेत. मी नातीला एवढेच बजावले की, चालक ज्या आसनावर पट्टे आवळून बसतो, त्याच्या पाठीशी चार ग्रॅम वाचविण्यासाठी भलती जात ठेवायची नाही. तिने लगेच कबूल केले. उलट मलाच म्हणाली, “आजोबा, तुमच्या स्कूटरचा चार्जर रात्रभर जिन्याखाली लावलेला असतो, त्याचं काय?” तेव्हापासून ती दिवसा, उघड्या व्हरांड्यात आणि कोणीतरी जागे असतानाच चार्ज होते. सभासदांनी आपापल्या घरी हे तपासून पाहावे. घरातून बाहेर पडण्याची वाट अडेल अशा जागी बॅटरी कधीही भरू नये.

मोठ्या शर्यतीत काय करतात, हे पाहण्याची संधी आपल्या शहराला लाभली होती. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी, लुंबिनी उद्यान, सचिवालय आणि एन.टी.आर. मार्ग यांच्या परिसरात २.८३ किलोमीटरांचा मार्ग आखून फॉर्म्युला ई ची शर्यत झाली. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींची ही जागतिक स्पर्धा भारतात प्रथमच आली होती. (२०२४ साली ठरलेली दुसरी शर्यत रद्द झाली.) मी आणि नात दोघेही गेलो होतो. इंजिनाचा गडगडाट नव्हता. एखाद्या प्रचंड मिक्सरसारखा उंच आवाज तेवढा येई, आणि मोटार दिसेनाशी झाल्यावर तो कानात राही. आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना हे फार बेचव वाटले. मला मात्र मौज वाटली.

त्या मोटारींत बॅटरी हाच पेट्रोलचा साठा असतो, म्हणून तेथे वजनाचा प्रश्न किलोंचा नव्हे, शेकडो किलोंचा आहे. गंमत अशी की, कोणत्याही संघाला बॅटरी निवडण्याची मुभा नसते. सर्वांना एकाच कारखान्याची, एकसारखी बॅटरी मिळते. नाहीतर ज्याच्याकडे पैसा त्याचीच बॅटरी हलकी, असे झाले असते. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा एका बॅटरीवर शर्यत पुरी होत नसे. चालक अर्ध्यावर थांबून, पट्टे सोडून, धावत जाऊन दुसऱ्या मोटारीत बसत. दुसऱ्या पिढीच्या मोटारीत ५४ किलोवॉट-तासांची बॅटरी आली आणि ही कसरत संपली. पण त्या बॅटरीचे वजन ३८५ किलो होते. चालकासह मोटार ९०० किलोंची, म्हणजे शेकडा ४३ वजन एकट्या बॅटरीचे. हैदराबादेत धावलेली तिसऱ्या पिढीची मोटार चालकासह ८४० किलोंची, आणि तिची बॅटरी २८४ किलोंची. शंभर किलो कसे कमी झाले? घट सुधारले हे खरे, पण मोठी युक्ती अशी की, बॅटरीत साठाच कमी ठेवला. शर्यतीत वापरायला मिळणारी वीज सुमारे ३८.५ किलोवॉट-तास एवढीच. उरलेली भरपाई ब्रेक मारताना करायची. पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांवर मोटर-जनित्रे बसवून वेग कमी करताना ६०० किलोवॉटपर्यंत वीज परत बॅटरीत घेता येते. शर्यतीत लागणाऱ्या विजेचा सुमारे शेकडा ४० भाग असा परत मिळविलेला असतो.

म्हणून त्या दिवशी जो चालक पुढे होता, त्याला केवळ वेगाने पळून भागत नव्हते. जाँ-एरिक व्हेर्न हा फ्रेंच चालक आघाडीवर होता, आणि निक कॅसिडी त्याच्या पाठीशी चिकटून होता. व्हेर्नच्या बॅटरीत पाठलाग करणाऱ्यापेक्षा कमी वीज उरली होती. सरळ रस्त्यावर पाय लवकर काढायचा, वळणावर ब्रेकने वीज गोळा करायची आणि तरीही मागच्याला वाट द्यायची नाही, असे करीत त्याने अर्ध्या सेकंदाहून कमी अंतराने शर्यत जिंकली. नात टाळ्या वाजवीत होती. मी मनात बेरजा करीत होतो. आमच्या वर्कशॉपात डिझेल वाचविणारे जे जुने ड्रायव्हर होते, ते हेच करीत, फक्त त्यांना परत काही मिळत नसे.

आता पुन्हा आपल्या छोट्या मोटारीकडे येऊ. मी सुचविले, “सरावाला शिशाची बॅटरी वापरा, महागाची लिथियम शर्यतीसाठी राखून ठेवा.” आमच्या पिढीला ही काटकसर सहज सुचते. नातीने मान हलविली. ती म्हणाली, “मग सराव कसला, आजोबा? शर्यतीत जी बसणार, तिच्यावरच सराव झाला पाहिजे. शिशावर चाललेली गाडी लिथियमवर कशी वागेल, हे कोण सांगणार?” हे म्हणणे मला मान्य करावे लागले. मागच्या खेपेला नेमके असेच झाले होते. सराव सगळा शिशाच्या बॅटरीवर, आणि नवी बॅटरी बसली ती निघण्याच्या आठवड्यात. तापलेले इंजिन पाच मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करण्याची चाचणी तिच्यावर एकदाही झाली नव्हती.

एक फायदा अनपेक्षितपणे मिळाला. बॅटरी मागे एका टोकाला होती आणि सेल्फ दुसऱ्या बाजूला; मधून जाड तांब्याची तार. १६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे, आवरण धरता, एका मीटरला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजन भरते. नव्या चौकटीत बॅटरी सेल्फजवळ, खाली तळाशी बसविली, तर जाण्याची आणि येण्याची मिळून सव्वा मीटर तार वाचली. म्हणजे मोठी बॅटरी घेतल्याने जे ४५० ग्रॅम वाढले, त्यातले निम्मे तारेतून परत मिळाले. शिवाय तार आखूड झाल्यामुळे वाटेत वाया जाणारे व्होल्टही वाचले. मात्र जागा धुराड्याच्या नळीपासून दूर हवी; साठ अंशांच्या वर तापलेली लिथियम बॅटरी फार दिवस टिकत नाही, आणि कोइम्बतूरच्या दुपारी इंजिनाशेजारी साठ अंश व्हायला वेळ लागत नाही. मुलांनी मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा उभा केला आहे.

चार्जरविषयी थोडे सांगितले पाहिजे. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर प्लेटींवरचे पांढरे क्षार झटकण्यासाठी जादा व्होल्टेजचे ठोके देतात. लिथियमला ते ठोके घातक. तिच्यासाठी निराळा, १४.४ ते १४.६ व्होल्टांवर थांबणारा चार्जर घ्यावा. शिशाची बॅटरी ठेवून द्यायची असेल तर पूर्ण भरून ठेवतात. लिथियम साधारण अर्धी भरून ठेवावी. आमच्या जुन्या मेस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते हसले. पण हा दोन निराळ्या जातींचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

शेवटी निवड झाली ती अशी : लोह फॉस्फेटचे आठ घट, दोन-दोन शेजारी जोडून चार जोड्या, खरे माप ५ ॲम्पिअर-तास, वजन सुमारे एक किलो. घट दुप्पट झाल्याने अंतर्गत रोध निम्मा झाला, आणि ८० ॲम्पिअर ओढल्यावर ३.२ ऐवजी १.६ व्होल्टच खाली येतात. रक्षक-मंडल १२० ॲम्पिअरपर्यंत दार बंद करीत नाही, हे विकत घेण्यापूर्वी लेखी विचारून घेतले. त्या दिवसाचा १.९ चा खर्च जसाच्या तसा धरला, तरी पाचांतून ३.१ उरतात, हंडा अर्ध्याहून अधिक भरलेला. किंमत शिशाच्या कित्येक पट पडली, ती मुलांनी आपसांत वर्गणी काढून भरली. रांगेत उभे असताना चावी बंद ठेवायची, हा नियम तर फुकटात मिळाला. तो त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून सुकाणूजवळ चिकटवला आहे.

मागच्या रविवारी मी त्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. इंजिन पंधरा मिनिटे तापवून बंद केले, पंखा चालू ठेवला आणि घड्याळ लावून पाच मिनिटे सगळे गप्प उभे राहिले. मग नातीने बटण दाबले. इंजिन पहिल्या झटक्यात लागले. त्यांनी ते बंद केले आणि पुन्हा घड्याळ लावले. अशा दहा फेऱ्या करायच्या, असे ठरले होते. मी निघालो तेव्हा सातवी चालू होती.